वाहत्या कानाची गोष्ट

मागच्या वेळी आपण देवीच्या रोगाबद्दल बोललो. तो रोग जगातून गेला. आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे ते काही गेलेलं नाही, आणि आपल्याकडे त्याला कुणी रोग म्हणतही नाही. ते म्हणजे लेकराचा कान.

आधी सर्दी होते. मग एका रात्री कान ठणकायला लागतो. मूल कानाला हात लावून रडतं, दूध ओढत नाही, अंग तापतं. घरातलं कुणी झोपत नाही. पहाटे उशीवर पिवळा, कधी लालसर डाग दिसतो आणि मूल शांत झोपलेलं असतं. आजी म्हणते, "फुटला एकदाचा कान. आता दुखायचं नाही." आजीचं खोटं नसतं. दुखणं खरंच थांबतं. पण त्यानंतर कान वाहतो तो आठवडाभर वाहतो, कधी महिनाभर, कधी दर पावसाळ्यात. त्याची कुणाला काळजी वाटत नाही, कारण मूल आता रडत नाही.

कान फुटतो म्हणजे नेमकं काय फुटतं, तो वाहू द्यावा की थांबवावा, कानात तेल घालावं की नाही, हे प्रश्न फार जुने आहेत. मोठमोठे वैद्य आणि डॉक्टर त्यावर शेकडो वर्षं भांडले आहेत. त्यातलं थोडं आज सांगते.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकात सुश्रुताचा ग्रंथ शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध आहे. त्यात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. चरकाच्या ग्रंथात ते चारच आहेत. सुश्रुताकडचा वैद्य चिरफाड करणारा, हाताने काम करणारा, म्हणून त्याने कानात बारकाईने पाहिलं असावं. कानातला शूळ म्हणजे ठणका, कर्णस्राव म्हणजे वाहणं, पूतिकर्ण म्हणजे घाण वास येणारा कान, कानात किडे पडणं, मळ साचणं, अशी वेगवेगळी नावं त्याने दिली. आपण सगळ्याला 'कान दुखतोय' एवढंच म्हणतो. वाहत्या कानासाठी काय काय करायचं तेही त्यात आहे: औषधी काढ्याने धुणं, पुसून काढणं, धुरी देणं, कानात औषध सोडणं.

यातलं 'पुसून काढणं' लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

त्याच ग्रंथात कान टोचण्याचाही विधी आहे. बाळाला मांडीवर घेऊन, खेळण्याने भुलवून, उजेडात पाळीचं नैसर्गिक छिद्र बघून टोचायचं, आणि चुकीच्या शिरेला लागलं तर काय त्रास होतो, हे सगळं लिहिलं आहे. आपल्याकडे बाराव्या दिवशी सोनार येऊन सोन्याच्या तारेने कान टोचतो, ते याच जुन्या प्रथेचं रूप. पण टोचलेली पाळी पिकणं वेगळं आणि आतला कान वाहणं वेगळं. पाळी बाहेरची कातडी आहे. आज आपण आतल्या कानाबद्दल बोलतोय.

मग जुन्या शास्त्राचं आपल्या घरात काय उरलं? तेल उरलं. न्हाऊ घालताना तान्ह्या बाळाच्या कानात तेल, कान दुखला की लसूण कडकडवलेलं तेल, कान वाहिला तरी तेलच. काही घरांत आईचं दूध सोडतात, काही ठिकाणी पाल्याचा रस पिळतात. धुणं, पुसणं, कोरडं करणं हा कष्टाचा भाग होता. तो बहुतेक घरांतून विसरला गेला, असं मला वाटतं. तेल सोपं, म्हणून ते राहिलं. 'कानात तेल घालून बसणे' याचा आपण जो अर्थ करतो, तो या बाबतीत अगदी बरोबर लागू पडतो.

आता जरा कानाच्या आत जाऊ. कानाच्या भोकातून आत गेलं की बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर एक पातळ पडदा आहे, डफाच्या कातड्यासारखा ताणलेला. त्याच्या पलीकडे हवेने भरलेली छोटी खोली. खोलीत तीन इवलीशी हाडं, एकमेकांना साखळीसारखी जोडलेली. आवाजाने पडदा हलतो, हाडं हलतात, आणि आवाज आणखी आत पोचतो. ही खोली बंद आहे असं बाहेरून वाटतं, पण तिला मागचं दार आहे. एक बारीक नळी या खोलीतून निघून नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला उघडते. घाट चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते या नळीमुळे.

या नळीचं नीट वर्णन सोळाव्या शतकात इटलीतल्या बार्तोलोमेओ युस्ताकी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने केलं, म्हणून डॉक्टर अजूनही तिला 'युस्टेशियन ट्यूब' म्हणतात. हे नाव तिला दिलं ते पुढे दीडशे वर्षांनी, इटलीतल्याच वालसाल्वाने, १७०४ सालच्या आपल्या कानावरच्या ग्रंथात. नाक दाबून, तोंड मिटून आतून फुंकर मारायची आणि कानातला पू बाहेर ढकलायचा, असा उपाय त्याने सांगितला होता. लहान मुलाला सर्दी असताना कुणी तसं करायला लावू नका. सर्दीचे जंतू उलट त्याच नळीतून वर ढकलले जातात.

मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटीमीटर लांब आणि तिरपी, उतरती असते. तान्ह्या मुलात ती जवळजवळ अर्ध्या लांबीची आणि आडवी असते. शेतातल्या पाटाला उतार नसला की पाणी जसं साचून राहतं, तसं इथे होतं. सर्दी झाली की नळी सुजते, बंद होते, खोलीत पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात, पू होतो. पुवाला जायला वाट नाही, म्हणून पडद्यावर आतून दाब येतो. तो ठणका. शेवटी पडदा फाटतो, पू बाहेर येतो, दाब जातो आणि मूल झोपतं. आजी म्हणते तो कान फुटणं म्हणजे हे. दुखणं थांबतं कारण पडद्याला भोक पडलेलं असतं.

म्हणजे कानातला पू बहुतेक वेळा बाहेरून पाणी गेल्याने होत नाही, नाकातून होतो. बाळाला झोपवून बाटलीने दूध पाजलं तरी दूध त्या नळीच्या तोंडाशी जातं. म्हणून डोकं जरा वर उचलून पाजावं, आणि शक्यतो बाटली नकोच. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधावर वाढलेल्या मुलांचे कान कमी दुखतात, हे अनेक देशांत पाहिलं गेलं आहे. चुलीचा धूर आणि घरातल्या माणसाची बिडी यांनीही नळीचं अस्तर सुजतं. घरात गॅस आला तरी न्हाणीघरातली चूल आणि ओट्यावरची बिडी सुटलेली नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता त्या जुन्या भांडणाकडे येते. तुमच्या गावात कुणी ना कुणी म्हणत असेल, "कान वाहतो तो वाहू द्यावा. डोक्यातली घाण बाहेर पडते. थांबवली तर मेंदूत चढते." ही समजूत काही खेड्यातल्या बायांची नाही. युरोपातले शिकलेले डॉक्टरसुद्धा शेकडो वर्षं असंच मानत होते. मेंदूतला वाईट रस कानावाटे झिरपतो, असं त्यांना वाटे. फ्रान्समध्ये द्यु व्हेर्ने नावाच्या माणसाने १६८३ साली फक्त कानावर एक ग्रंथ लिहिला. प्रेतांचे कान उघडून पाहून त्याने सांगितलं की पू कानातच तयार होतो, मेंदूतून येत नाही. पण कानाच्या रोगाने मेलेल्या काही लोकांच्या मेंदूतही पू सापडत असे. मग आधी काय झालं, मेंदूतला पू की कानातला? इटलीतल्या मोर्गान्यी या वैद्याने १७६१ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात याचं उत्तर दिलं: आधी कान, मग मेंदू. घाण आतून बाहेर येत नाही. कान वाहता ठेवला तर तीच बाहेरून आत जाऊ शकते.

गावातल्या समजुतीत मेंदूची भीती आहे ती खरी आहे, फक्त दिशा उलटी आहे. कान आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा एक पातळ पापुद्रा असतो. वर्षानुवर्षं पुवात भिजलेलं हाड कुरतडलं जातं. म्हणून वाहता कान थांबवायचा असतो, पण बोळा कोंबून नव्हे, बरा करून.

तरीही जिवंत माणसाच्या कानाचा पडदा नीट बघता येणं ही मोठी अडचण होती. कानाचं भोक अरुंद, वाकडं आणि अंधारं. रोग्याला उन्हात बसवून डोकावायचं तर बघणाऱ्याच्याच डोक्याची सावली पडायची. १८४१ साली जर्मनीतल्या हॉफमन नावाच्या एका डॉक्टरने यावर साधी युक्ती काढली. खोलगट आरसा घेतला, मधोमध भोक पाडलं, उजेड आरशाने कानात टाकला आणि भोकातून बघितलं. पुढे फॉन ट्रोल्च या डॉक्टरने ती सगळीकडे पसरवली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या कपाळावर जो गोल आरसा बांधलेला असायचा तो हाच. आता त्याची जागा छोट्या बॅटरीच्या दुर्बिणीने घेतली आहे. पण कानाबाबत नियम तोच आहे: आत बघितल्याशिवाय औषध नाही. म्हणून रस्त्यावर सळई घेऊन मळ काढणाऱ्याच्या हाती पोराचा कान देऊ नये. त्याचा हात कितीही सफाईदार असो, पडदा त्याला दिसत नाही. घरात हेअरपिन, काडेपेटीची काडी, गाडीची किल्ली कानात घालणाऱ्यांना काय म्हणावं?

आता एका बापलेकाची गोष्ट सांगते. आयर्लंडमध्ये डब्लिन शहरात विल्यम वाइल्ड नावाचा मोठा डॉक्टर होता. डोळे आणि कान हे त्याचं काम. त्याने १८४४ साली गरिबांसाठी दवाखाना काढला आणि १८५३ साली कानाच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, ते युरोपभर वाचलं गेलं. कान वाहतो आहे तोवर तो पुढे काय वळण घेईल ते कुणी सांगू शकत नाही, असा इशारा त्याने त्यात दिला होता. कानामागे सूज आली तर तिथे चीर देऊन पू काढायची त्याची पद्धत इतकी वापरली गेली की त्या चिरेला त्याचंच नाव पडलं.

त्याचा धाकटा मुलगा ऑस्कर वाइल्ड. हा पुढे इंग्रजीतला फार मोठा लेखक झाला. त्याची नाटकं, मुलांसाठीच्या परीकथा आजही जगभर वाचतात. या ऑस्करचा उजवा कान वाहायचा. त्याला तुरुंगवास झाला, तिथे कानाची दशा झाली. १८९६ साली त्याने तुरुंगातून सरकारला अर्ज केला, त्यात ऐकू येईनासं झालंय आणि कानावर धड उपचार नाहीत अशी तक्रार आहे. सुटल्यावर तो फ्रान्सला गेला. १९०० सालच्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या एका हॉटेलच्या खोलीतच त्याच्या कानाची शस्त्रक्रिया झाली. ३० नोव्हेंबरला तो गेला, वय ४६. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती, आणि ती कानातून पसरली असं आज बहुतेक डॉक्टर मानतात. बापाने सगळ्या जगाला ज्या धोक्याबद्दल सांगितलं, त्यातच मुलगा गेला. बाप तेव्हा हयात नव्हता, आणि असता तरी त्याच्या हाती तरी काय होतं? पू मारणारं औषध अजून जन्मायचं होतं.

शस्त्रक्रियेचीही वाट अशीच काट्याकुट्यांची. कानाच्या मागे हात लावून बघा, एक टणक उंचवटा लागतो. ते हाड आतून पोळ्यासारखं सच्छिद्र असतं. कानातला पू त्या भोकांत शिरला की कानामागे लाल, दुखरी सूज येते आणि कान पुढे ढकलल्यासारखा दिसतो. अठराव्या शतकात फ्रान्सच्या पेती नावाच्या सर्जनने ते हाड उघडून पू काढून दाखवला होता. पण १७९१ साली डेन्मार्कच्या राजाच्या वैद्याने, बर्जर त्याचं नाव, स्वतःच्या बहिरेपणावर उपाय म्हणून ते हाड उघडून घेतलं आणि थोड्याच दिवसांत तो मेला. त्याच्या कानात तर पू नव्हताच. चुकीच्या रोगासाठी केलेलं ऑपरेशन, तेही न धुतलेल्या हातांनी, कारण हात धुवायचे असतात हे तेव्हा सर्जनांनाही माहीत नव्हतं. मोठा माणूस मेला म्हणून सगळे घाबरले आणि हे ऑपरेशन कित्येक दशकं जवळपास बंद पडलं. त्या काळात किती लेकरं कानामागची सूज घेऊन गेली असतील, त्यांची नोंद कोण ठेवणार?

मग १८४६-४७ मध्ये ईथर आणि क्लोरोफॉर्म आलं, माणसाला गुंगी देता येऊ लागली. १८६७ मध्ये लिस्टरने जखम आणि हत्यारं जंतुनाशकाने स्वच्छ ठेवायला शिकवलं. त्यानंतर १८७३ साली जर्मनीत हाले गावच्या श्वार्ट्झे या डॉक्टरने कानामागचं हाड कधी, कसं उघडावं याची पद्धत लिहून काढली, आणि मग मुलं वाचू लागली. पुढची साठ-सत्तर वर्षं युरोप-अमेरिकेच्या दवाखान्यांत हिवाळ्यात डोक्याला पट्ट्या बांधलेली मुलं नेहमीच दिसत. जीव वाचे, पण पुष्कळांचं ऐकणं जाई.

औषध आलं ते १९३५ च्या सुमारास. जर्मनीत डोमाक नावाच्या संशोधकाला एका लाल रंगापासून जंतू मारणारं औषध सापडलं, सल्फा औषधांमधलं ते पहिलं. त्याच्याच लहान मुलीच्या हातात सुई घुसून हात इतका पिकला होता की कापायची वेळ आली होती. त्याने तिला हेच औषध दिलं आणि हात वाचला. मग पेनिसिलिन. फ्लेमिंगला त्याची बुरशी १९२८ मध्ये दिसली होती, पण माणसाला देता येईल असं औषध ऑक्सफर्डच्या लोकांनी १९४१ पर्यंत तयार केलं. सुरुवातीला ते बाहेरून आणावं लागे आणि महाग होतं. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आज पिंपरी म्हटलं की मोटारींचे कारखाने आठवतात. पण हे गाव आधी औषधासाठी नावारूपाला आलं, आणि त्या औषधाने खेड्यापाड्यातली किती मुलं जगवली याची आपल्याला आठवण नाही.

यानंतर डॉक्टरांना वाटलं, झालं, कानाचा प्रश्न मिटला. कान दुखला की गोळ्या. मग हॉलंडमध्ये फान बुखेम नावाच्या कानाच्या डॉक्टरने १९८१ मध्ये एक अभ्यास छापला. कान दुखणाऱ्या बऱ्याच मुलांना अँटिबायोटिक न देताही ती बरी होतात, असं त्यात दिसलं. तिथले गावडॉक्टर तेव्हापासून आधी दुखणं कमी करणारं औषध देतात, दोन-तीन दिवस वाट बघतात आणि गरज पडली तरच अँटिबायोटिक देतात. हे शहाणपणाचं आहे. ऊठसूट घेतलेल्या अँटिबायोटिकला जंतू दाद देईनासे होतात. पण वाट बघायला डॉक्टर हाताशी लागतो. हॉलंडमध्ये तो गल्लीत आहे. आपल्याकडे एसटी चुकली की उद्या. म्हणून आपल्या सरकारी पद्धतीत कान दुखणाऱ्या किंवा नुकता वाहू लागलेल्या लहान मुलाला पाच दिवसांचं औषध द्यायला सांगितलं आहे. ते पूर्ण द्यायचं, दुखायचं थांबलं म्हणून बाटली ताकात ठेवायची नाही. आणि गेल्या वर्षीची उरलेली, शेजारणीच्या मुलाची बाटली तर मुळीच नाही. कानात घालायच्या काही औषधांनी, पडद्याला भोक असेल तर, ऐकण्याच्या शिरेलाच इजा होते.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते.

पडद्याचं भोक बऱ्याचदा आपोआप भरून येतं. पण कान सतत ओला राहिला तर ते भरत नाही. १४ दिवसांपेक्षा जास्त वाहणारा कान हा जुनाट रोग धरतात. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज काढला तेव्हा जगात साडेसहा कोटी ते तेहेतीस कोटी माणसांचे कान असे वाहत होते, आणि त्यातल्या साधारण ६० टक्के लोकांना कमी ऐकू येत होतं. श्रीमंत देशांत हा रोग जवळजवळ दिसत नाही. तो दाटीच्या घरांचा, धुराचा, लांबच्या दवाखान्याचा रोग आहे.

मोठ्या माणसाला कमी ऐकू आलं तर तो सांगतो. दोन वर्षांच्या मुलाला आपल्याला काय ऐकू येत नाही हे कळतच नाही. बोलणं उशिरा येतं, शब्द तुटक येतात. शाळेत मागच्या बाकावर बसलं की बाईंचं अर्धं वाक्य जातं. दोनदा विचारलं की ओरडा बसतो, मग ते विचारणं सोडतं. घरी हाक मारली तर येत नाही, म्हणून 'हट्टी'. वर्गात उत्तर येत नाही, म्हणून 'मठ्ठ'. मी अंगणवाड्यांमध्ये फिरले तेव्हा असं नाव पडलेली मुलं मला पुष्कळ भेटली. त्यांच्या कानाशी नाक नेलं तर वास यायचा. मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट. कान वाहतो हे लपवतात, पुढे लग्नाला अडचण नको म्हणून. लपवलेला कान वीस वर्षं वाहतो.

आता जरा सरकारी तारखा, कारण त्या आपल्या कामाच्या आहेत. २००७ पासून देशात बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यातलं डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तपासायच्या रोगांच्या यादीत वाहता कान आहे. पण पथकाला एका दिवसात खूप मुलं बघायची असतात, आणि त्या दिवशी कान कोरडा असला तर ते पुढे जातात. म्हणून आईने किंवा सेविकाताईने स्वतः सांगायचं: याचा कान दर पावसाळ्यात वाहतो, याला हाक ऐकू जात नाही. पुढची सोय जिल्हा रुग्णालयात होते. गोवराची लस चुकवू नका, गोवरानंतर कान वाहू शकतात. आणि दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी जी न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर मिळते आहे, ती न्यूमोनियासाठी असली तरी कानातल्या पुवाच्या एका मोठ्या जंतूवरही ती काम करते.

शेवटी घरी काय करायचं ते. सुश्रुताच्या वैद्याने सांगितलेलं पुसून काढणं आठवतं ना? जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतर लहान मुलांच्या आजारांची जी पद्धत तयार केली, आणि आपल्या आशाताई, नर्सताई शिकतात, त्यातही वाहत्या कानाला हेच करायला सांगितलं आहे. जुनं मऊ सुती कापड घ्या, पांढरं असलेलं बरं. उकळून, कडक उन्हात वाळवा. हात साबणाने धुवा. कापडाची वात वळा, देवापुढे लावतो तशी, पण जरा जाड. मुलाला मांडीवर घ्या, पाळी हलकेच मागे ओढा आणि वात भोकात अलगद ठेवा. ढकलू नका. ती ओली झाली की काढा, नवी घाला. वात कोरडी बाहेर येईपर्यंत असं करा. दिवसातून तीनदा. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर कान असा कोरडा केल्यावरच घाला, नाहीतर औषध पुवावर तरंगतं. काडीला गुंडाळलेला कापूस नको, आणि वात किंवा बोळा कानात ठेवून मुलाला खेळायला सोडू नका. तेल, दूध, रस, काही नाही. अंघोळीला पाणी कानात जाऊ देऊ नका, आणि कान वाहत असेतो पोराला विहिरीत, ओढ्यात उतरू देऊ नका. भोक भरायला आठवडे लागतात, तोवर कंटाळू नका.

आणि वात-बीत सोडून ताबडतोब दवाखाना कधी? कानामागे दुखरी सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तोंड एका बाजूला वाकडं झालं, ताप आणि उलट्या होत आहेत, मान ताठ झाली, मूल गुंगीत आहे किंवा झटका आला तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. आणि कानाला घाण वास येत असेल, अधूनमधून रक्त येत असेल, तर दुखत नसलं तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाच दाखवा. तो हाड कुरतडणारा रोग असू शकतो.

पडद्याचं भोक भरलंच नाही तर ऑपरेशन होतं. कातडीचा किंवा स्नायूवरच्या आवरणाचा तुकडा लावून पडदा शिवल्यासारखा बुजवतात, ही पद्धत १९५० नंतर जर्मनीतल्या डॉक्टरांनी बसवली. आता ती आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत होते. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्या आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. आधी ऐकण्याची तपासणी होते. मुलाला कानावर यंत्र लावून बंद खोलीत बसवतात आणि आवाज आला की बोट वर करायला सांगतात. दुखत नाही. मुलाला घरीच खेळात शिकवून न्या: आवाज आला, बोट वर.